एन्झाइम ऊर्जा देत नाही, तरी अभिक्रिया कोट्यवधी पट वेगाने कशी होते?

बारावीतल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिच्याच शब्दांत: "पुस्तकात लिहिलंय की एन्झाइम सक्रियण ऊर्जा कमी करतं. पण म्हणजे ते नेमकं करतं काय? कमी झालेली ऊर्जा जाते कुठे? एन्झाइम स्वतः बदलत नाही म्हणतात, मग काम कसं होतं? आणि वेग वाढला हे मोजतात कसं?"

प्रश्न रास्त आहे. सक्रियण ऊर्जा म्हणजे अभिक्रिया घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा. 'सक्रियण ऊर्जा कमी होते' एवढं लिहिलं की परीक्षेत मार्क मिळतात, पण ते कारण नव्हे. 'वेग वाढला' हेच ते जरा भारदस्त शब्दांत सांगणं झालं. मी बायोकेमिस्ट आहे. आधी कॉलेजात शिकवलं, नंतर बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये एन्झाइमच्याच तपासण्या केल्या. त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

आधी सरळ उत्तर. एन्झाइम, म्हणजे शरीरातल्या अभिक्रियांना वेग देणारं प्रथिन, अभिक्रियेला ऊर्जा पुरवत नाही आणि रेणूंना धक्काही मारत नाही. कुठलाही रेणू जुन्या रूपातून नव्या रूपात जाताना मध्ये एक क्षण असा येतो की जुना बंध अर्धा तुटलेला असतो आणि नवा अर्धाच जुळलेला असतो. हिला संक्रमण अवस्था म्हणतात. ती इतकी अस्थिर असते की बाटलीत भरून ठेवता येत नाही. एन्झाइममधल्या क्रियाशील जागेची, म्हणजे त्या खाचेची, घडण या अर्धवट अवस्थेला साजेशी असते. मूळ रेणूलाही खाच धरते, पण बेताने. अर्धवट अवस्थेला मात्र घट्ट धरते. या दोन पकडींमधला जो फरक, तीच तुमच्या पुस्तकातली 'कमी झालेली' सक्रियण ऊर्जा. ती कुठे जात नाही. जी एरवी लागली असती ती लागत नाही, इतकंच.

आता हे इतकं महत्त्वाचं का, ते कळायला एन्झाइम नसताना काय होतं ते पाहावं लागतं. प्रथिनातला पेप्टाइड बंध, म्हणजे दोन अमिनो आम्लांना साखळीत जोडणारा दुवा, घ्या. शुद्ध पाण्यात, खोलीच्या तापमानाला असे निम्मे बंध फुटायला काही शतकं लागतात. प्रथिनात कुठली अमिनो आम्लं किती आहेत हे शोधायचं असेल तर लॅबमध्ये ते प्रथिन ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, हवाबंद नळीत, ११० अंश सेल्सिअसला २४ तास ठेवतात. तेव्हा कुठे सगळे बंध फुटतात. आपण दुपारी खाल्लेल्या वरणातली प्रथिनं मात्र लहान आतड्यात, ३७ अंशाला, उकळत्या आम्लाशिवाय काही तासांत सुटी होतात.

हे उदाहरण तसं सौम्यच. पेशीत डीएनए-आरएनएचे घटक बनवताना ओरोटिडिन मोनोफॉस्फेट नावाच्या रेणूतून एक कार्बन डायऑक्साइड काढून टाकावा लागतो. रिचर्ड वोल्फेन्डेन आणि अ‍ॅना रॅडझिका यांनी १९९५ मध्ये मोजून दाखवलं की एन्झाइमशिवाय, पाण्यात, २५ अंशाला निम्मे रेणू बदलायला सुमारे ७ कोटी ८० लाख वर्षं लागतील. (अर्थात कोणी तेवढं थांबलं नाही. चढ्या तापमानाला वेग मोजायचा आणि खाली गणित करत यायचं, अशी ही पद्धत असते.) एन्झाइमच्या खाचेत हेच काम सेकंदाच्या काही शतांश भागात होतं. वेगातली वाढ १ वर १७ शून्यं इतकी. गंमत म्हणजे या एन्झाइमात ना धातू आहे, ना कुठलं जीवनसत्त्व. निव्वळ अमिनो आम्लांच्या मांडणीवर हे चालतं.

एवढा मोठा फरक पडतो तो घातांकी गणितामुळे. रेणूंची उष्णतेमुळे सतत धडपड चालू असते. शरीराच्या तापमानाला या धडपडीचं परिमाण दर मोलला साधारण अडीच किलोज्यूल आहे. बंध तोडण्याचा अडथळा मात्र शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. तो ओलांडण्याइतकी ऊर्जा योगायोगाने एकाच रेणूत गोळा व्हावी लागते, आणि हा योग दुर्मीळ. पण अडथळा थोडा जरी खाली आला तरी योग भराभर येऊ लागतात. ३७ अंशाला अडथळा दर मोलला फक्त ६ किलोज्यूलने उतरला की वेग दहापट होतो. १२ ने उतरला की शंभरपट, ३६ ने उतरला की दहा लाख पट. हा सहाचा आकडा लक्षात ठेवा, कारण एक चांगला हायड्रोजन बंध साधारण एवढ्याच ते याच्या तिप्पट ऊर्जेचा असतो. म्हणजे कोट्यवधी पट वेगासाठी जादू लागत नाही. योग्य जागी, योग्य क्षणी काम करणारे तीन-चार हायड्रोजन बंध आणि एखाद-दुसरा विद्युत्प्रभार पुरतो.

यातलं 'योग्य क्षणी' हे महत्त्वाचं. १८९४ मध्ये एमिल फिशरने कुलूप-किल्लीची उपमा दिली आणि ती आजही शाळेत शिकवतात. कुठलं एन्झाइम कुठल्या रेणूवर काम करेल, हे तिने छान समजतं. पण वेग का वाढतो हे तिने समजत नाही, उलट गैरसमज होतो. समजा, उसाचं कांडं मोडणारं यंत्र बनवायचं आहे. सरळ कांडं तंतोतंत बसेल अशी खाच कोरली तर ते त्यात निवांत पडून राहील, मोडणं उलट अवघड होईल. खाच हवी ती वाकलेल्या, मोडण्याच्या बेतात आलेल्या कांड्याच्या आकाराची. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९३० मध्ये या दिशेने विचार मांडला होता. लायनस पॉलिंग यांनी १९४६ मध्ये तो नेमक्या शब्दांत सांगितला: एन्झाइम मूळ रेणूला नव्हे, संक्रमण अवस्थेला पूरक असतं. तोवर एकाही एन्झाइमची त्रिमिती रचना कोणी पाहिली नव्हती. लायसोझाइमची रचना डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने लंडनमध्ये क्ष-किरणांनी उलगडली ती १९६५ मध्ये.

आता एक एन्झाइम जवळून बघू. मी कायमोट्रिप्सिन निवडतो. स्वादुपिंडात बनतं, आतड्यात प्रथिनं कापतं, आणि त्याची प्रत्येक हालचाल इतकी तपासली गेली आहे की शिकवायला त्याच्यासारखं दुसरं नाही.

यातली तीन अमिनो आम्लं नावानिशी लक्षात ठेवा: १९५ क्रमांकाचं सेरीन, ५७ क्रमांकाचं हिस्टिडिन आणि १०२ क्रमांकाचं अ‍ॅस्पार्टेट. साखळीत ही एकमेकांपासून लांब आहेत, पण साखळीची घडी अशी पडते की तिघं शेजारी येतात. खाचेच्या बाजूला एक तेलकट पोकळी आहे. प्रथिनाची साखळी आली की फेनिलअ‍ॅलनिन किंवा टायरोसिनसारखं मोठं, पाण्याला नाखूश असलेलं कडं त्या पोकळीत शिरतं. त्यामुळे कापायचा बंध आपोआप सेरीनच्या समोर येतो. मोकळ्या पाण्यात दोन रेणूंनी योग्य अंतरावर, योग्य कोनात येणं हाच मोठा योगायोग असतो. तो प्रश्न इथे धरण्यातच मिटतो.

पुढे खरं काम सुरू होतं. सेरीनच्या टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते. एरवी ती सुस्त असते. सेरीनमध्ये कापण्याची धमक असती तर आपल्या सगळ्याच प्रथिनांनी एकमेकांचे तुकडे केले असते. इथे मात्र शेजारचं हिस्टिडिन त्या जोडीतला प्रोटॉन (हायड्रोजनचं धनप्रभारी केंद्रक) स्वतःकडे ओढतं आणि अ‍ॅस्पार्टेट हिस्टिडिनला आधार देतं. प्रोटॉन गेला की सेरीनचा ऑक्सिजन आक्रमक होतो आणि पेप्टाइड बंधातल्या कार्बनवर चाल करतो. तोपर्यंत तो कार्बन सपाट होता, तीन बाजूंना बांधलेला. आता चौथा बंध जुळू लागतो, कार्बन चौमुखी होतो आणि त्याला जोडलेल्या ऑक्सिजनवर ऋण प्रभार साठतो.

हीच ती अवघड जागा. पाण्यात हा क्षण महाग पडतो. कायमोट्रिप्सिनमध्ये नेमकं त्या ऑक्सिजनसमोर एक लहान कोनाडा आहे. एन्झाइमच्या कण्यातले दोन नायट्रोजन-हायड्रोजन गट, एक १९३ क्रमांकाच्या ग्लायसिनचा आणि एक सेरीनचा स्वतःचा, त्या कोनाड्याकडे तोंड करून उभे असतात. मूळ रेणू सपाट असतो तेव्हा त्याचा ऑक्सिजन तिथपर्यंत नीट पोचत नाही. कार्बन चौमुखी झाला की ऑक्सिजन किंचित सरकतो, कोनाड्यात उतरतो, आणि दोन्ही हायड्रोजन बंध पक्के जुळतात. आधी नव्हती ती पकड त्या क्षणीच मिळते. मघाशी सांगितलेला 'दोन पकडींतला फरक' तो हाच.

मग हिस्टिडिन उचललेला प्रोटॉन परत देतं, पण सेरीनला नाही, तर तुटू पाहणाऱ्या बंधातल्या नायट्रोजनला. बंध तुटतो आणि साखळीचा एक तुकडा निघून जातो. दुसरा तुकडा मात्र अजून सेरीनला चिकटलेला असतो. आता पाण्याचा रेणू आत येतो, हिस्टिडिन त्याचाही प्रोटॉन ओढतं, पुन्हा चौमुखी कार्बन, पुन्हा तोच कोनाडा, आणि दुसरा तुकडाही सुटतो. सेरीनला त्याचा प्रोटॉन परत मिळतो.

म्हणजे 'एन्झाइम बदलत नाही' हे वाक्य दुरुस्त करून घ्या. ते चांगलंच बदलतं. अर्ध्या वाटेवर त्याच्या अंगाला परक्या प्रथिनाचा तुकडा चक्क सहसंयुज बंधाने जोडलेला असतो. फेरी संपते तेव्हा ते मूळ रूपात परत आलेलं असतं, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. आणि एका उंच अडथळ्याऐवजी त्याने दोन बुटके अडथळे केलेले असतात.

हिस्टिडिनचं कौतुक इथेच करून घेतो. काचपात्रात आम्ल आणि अल्क एकत्र टाकलं तर ती एकमेकांना मारून टाकतात. अभिक्रियेला दोघांची गरज असली तरी दोघं एकदम मिळत नाहीत. हिस्टिडिन आधी प्रोटॉन घेऊन अल्काचं काम करतं आणि क्षणात तोच प्रोटॉन देऊन आम्लाचं. ७ च्या आसपासच्या पीएचला हे सहज जमणारं अमिनो आम्ल हेच. म्हणूनच किती तरी एन्झाइमांच्या खाचेत ते सापडतं.

या तिघांचं महत्त्व किती, हेही मोजून झालं आहे. कपडे धुण्याच्या पावडरीत रक्ताचे, दुधाचे, वरणाचे डाग काढायला सब्टिलिसिन नावाचं जिवाणूंचं एन्झाइम घालतात. त्याची घडी कायमोट्रिप्सिनपेक्षा पूर्ण वेगळी, पण त्यातही सेरीन, हिस्टिडिन, अ‍ॅस्पार्टेट हेच त्रिकूट त्याच मांडणीत आहे. उत्क्रांतीने एकच युक्ती दोनदा, स्वतंत्रपणे शोधली. १९८८ मध्ये पॉल कार्टर आणि जेम्स वेल्स यांनी सब्टिलिसिनमधली ही तिन्ही काढून त्या जागी निरुपद्रवी अ‍ॅलनिन बसवलं. वेग सुमारे वीस लाख पटींनी पडला. पण मला त्याहून आवडतो तो उरलेला आकडा: त्रिकूट गेल्यावरही हे लंगडं एन्झाइम नुसत्या पाण्याच्या हजारपट वेगाने काम करत होतं. म्हणजे कोनाडा आणि खाचेची पकड यांचाही मोठा वाटा आहे. कुठल्या एका अमिनो आम्लाला सगळं श्रेय देता येत नाही.

विद्यार्थी इथे विचारतात की हायड्रोजन बंध तर पाणीही देतं, मग खाचेचं विशेष काय? प्रश्न अचूक आहे. पाण्यात ऋण प्रभार तयार झाला की भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना त्याच्याकडे तोंड करून फिरावं लागतं. हे फिरणं फुकट होत नाही, त्याची किंमत अडथळ्यात भरली जाते. एन्झाइममध्ये ते दोन गट आधीपासूनच योग्य दिशेला तोंड करून, प्रथिनाच्या घडीत घट्ट बसलेले असतात. त्यांना वळवण्याची किंमत प्रथिनाची घडी पडतानाच चुकती झालेली असते. हा विचार अरिए वॉर्शेल यांनी गणिताने मांडला. २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते. एन्झाइम एवढं अवाढव्य का असतं, याचंही बरंचसं उत्तर यात आहे: खाचेतले तीन-चार गट अचूक जागी घट्ट धरून ठेवायला बाकीची शेकडो अमिनो आम्लं लागतात. क्वांटम टनेलिंगने, म्हणजे कण अडथळा न चढता त्यातून आरपार गेल्याने, एन्झाइम चालतात असं सांगणारे व्हिडिओ हल्ली बरेच फिरतात. हायड्रोजनच्या काही अभिक्रियांत टनेलिंग होतं हे खरं, पण मुख्य काम ते करत नाही. आधी हे साधं विद्युत्-गणित समजून घ्या.

पॉलिंग यांचं म्हणणं खरं असेल तर एक गोष्ट व्हायला हवी. संक्रमण अवस्थेसारखा दिसणारा पण स्थिर असलेला रेणू बनवला, तर एन्झाइमने त्याला मूळ रेणूपेक्षा कितीतरी घट्ट धरायला हवं. तसंच होतं. पेन्टोस्टॅटिन हे रक्ताच्या एका दुर्मीळ कर्करोगावरचं औषध अ‍ॅडेनोसिन डीअ‍ॅमिनेज या एन्झाइमच्या संक्रमण अवस्थेसारखं आहे. ते नेहमीच्या रेणूपेक्षा सुमारे कोटीपट घट्ट बसतं. उलट बाजूनेही पडताळा झाला: अशा नकली रेणूंविरुद्ध प्राण्यांच्या शरीरात अँटिबॉडी तयार करवल्या, तर त्या अँटिबॉडीच एन्झाइमसारखं काम करू लागल्या. १९८६ मध्ये हे दोन गटांनी दाखवलं. खऱ्या एन्झाइमच्या मानाने त्या मंदच होत्या, पण तत्त्व सिद्ध झालं.

विदर्भातल्या वाचकांना याची एक वाईट बाजू माहीत आहे, फक्त ती या नावाने माहीत नसेल. आपल्या नसा स्नायूंना संदेश देतात तो अ‍ॅसिटिलकोलिनने. काम झालं की ते लगेच नाहीसं व्हावं लागतं, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम ते कापतं. एन्झाइमचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू कापतो. पद्धत तीच: सेरीन, हिस्टिडिन, आणि अ‍ॅस्पार्टेटच्या जागी त्याचा भाऊ ग्लुटामेट. मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकात मध्यभागी कार्बनऐवजी फॉस्फरस असतो, आणि फॉस्फरस जन्मतःच चौमुखी. म्हणजे एन्झाइमला जी अर्धवट अवस्था धरायची सवय, तशीच दिसणारी वस्तू हे विष त्याच्यासमोर आणून ठेवतं. सेरीन त्याच्यावर चाल करतं आणि फॉस्फरस सेरीनला चिकटतो. नेहमीच्या फेरीत यानंतर पाणी येऊन सेरीन मोकळं करतं, तेही हजारांश सेकंदाच्या आत. इथे पाण्याला योग्य बाजूने शिरताच येत नाही. फेरी मध्येच अडकते, तास-दिवस अडकून राहते.

मग अ‍ॅसिटिलकोलिन साठत जातं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस, घाम, स्नायू फडफडणं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकणं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, त्यात मृत्यूही झाले. संशयित औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेटही होती. अशा रुग्णाचं रक्त लॅबमध्ये येतं तेव्हा आम्ही प्लाझ्मातलं कोलिनएस्टरेज मोजतो. ते खऱ्या लक्ष्याचं चुलतभावंड आहे, पण विषाने तेही अडकतं. त्यामुळे आकडा कोसळलेला दिसतो. वॉर्डात अ‍ॅट्रोपिन देतात ते साठलेल्या अ‍ॅसिटिलकोलिनचा परिणाम रोखायला. जोडीला दिलं जाणारं 'पॅम', म्हणजे प्रॅलिडॉक्सिम, फॉस्फरसवर स्वतः चाल करून त्याला सेरीनवरून काढतं. जे पाण्याला जमत नाही ते काम हा रेणू करतो. उशीर झाला तर चिकटलेल्या फॉस्फरसचा एक गट गळून पडतो, पकड आणखी घट्ट होते आणि मग पॅमही हात टेकतं. आशय असा की विषबाधेत दवाखाना लवकर गाठण्यामागे निव्वळ रसायनशास्त्र आहे. फवारणीनंतर अस्वस्थ वाटलं तर कपडे काढून अंग साबणाने धुवायचं आणि वाट न बघता दवाखान्यात जायचं.

आता ऊर्जेचा उरलेला प्रश्न. एन्झाइम अभिक्रियेचा वेग बदलतं, तिचा शेवटचा मुक्काम नाही. समतोल जिथे होणार होता तिथेच होतो, फक्त लवकर होतो. कारण अडथळा खाली आला की तो दोन्ही बाजूंनी येणाऱ्यांसाठी खाली येतो.

तांबड्या पेशीतलं कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज हे याचं उत्तम उदाहरण. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी मिळून बायकार्बोनेट व्हायला एन्झाइमशिवाय काही सेकंद लागतात. ऐकायला कमी वाटतात, पण आपण स्वस्थ बसलेलो असताना तांबडी पेशी फुप्फुसाच्या केशवाहिनीतून सुमारे पाऊण सेकंदात पुढे निघून जाते. तेवढ्यात उलटी अभिक्रिया पूर्ण होऊन वायू बाहेर पडला पाहिजे. या एन्झाइमच्या खाचेत तीन हिस्टिडिननी धरलेला जस्ताचा अणू असतो. जस्ताला बांधलेलं पाणी ७ च्या आसपासच्या पीएचलाच प्रोटॉन सोडतं आणि आक्रमक हायड्रॉक्साइड तयार ठेवतं. एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख फेऱ्या मारतो. इतक्या वेगात रसायन मागे पडतं आणि प्रोटॉन बाहेर नेऊन टाकणं हेच सगळ्यात हळू काम ठरतं. स्नायूत कार्बन डायऑक्साइड जास्त, म्हणून तिथे हेच एन्झाइम बायकार्बोनेट बनवतं. फुप्फुसात कमी, म्हणून तिथे तेच उलट चालतं. दिशा ठरते रेणूंच्या प्रमाणाने, एन्झाइमच्या मर्जीने नाही.

पुण्या-मुंबईहून लेहला जाणारे लोक विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने डायमॉक्स घेतात. ते अ‍ॅसेटाझोलामाइड थेट या जस्तालाच जाऊन चिकटतं. गोळी चालू असताना सोडा किंवा कोल्डड्रिंक बेचव लागतं, कारण जिभेवरची झिणझिण कळायलाही हेच एन्झाइम लागतं. मूत्रपिंडातलं एन्झाइम थांबल्यामुळे बायकार्बोनेट लघवीवाटे जातं, रक्त किंचित आम्ल होतं आणि श्वास वाढतो. लेहमध्ये हवा असतो तो हाच परिणाम.

मग पेशी ऊर्जेच्या दृष्टीने चढणीच्या अभिक्रिया कशा करते? एन्झाइम त्यांना उताराच्या अभिक्रियेशी बांधून टाकतं. ग्लुकोजला फॉस्फेट जोडणं ही चढण, एटीपी, म्हणजे पेशीचा ऊर्जा साठवणारा रेणू, फुटणं हा उतार. हेक्सोकायनेज दोन्ही एकाच फेरीत करतं. इथे धोका असा की खाचेत पाणी असेल तर एटीपीचा फॉस्फेट ग्लुकोजऐवजी पाण्यालाच जाईल आणि ऊर्जा वाया. हेक्सोकायनेज ग्लुकोज आल्याशिवाय मिटतच नाही. ग्लुकोज आलं की त्याचे दोन भाग जबड्यासारखे जवळ येतात, पाणी बाहेर जातं, आणि मगच रसायन घडतं. पाण्याच्या तुलनेत ग्लुकोजची अभिक्रिया सुमारे दहा लाख पट वेगाने होते. डॅनियल कॉशलंड यांनी १९५८ मध्ये अशा आकार बदलणाऱ्या खाचेची कल्पना मांडली. कुलूप-किल्ली तिथेच मागे पडायला हवी होती, पण आपल्या प्रश्नपत्रिकांतून ती अजून हटलेली नाही.

तापमानाचं थोडक्यात. तापमान वाढलं की वेग वाढतो, पण एका मर्यादेनंतर प्रथिनाची घडी उलगडते आणि खाचच उरत नाही. डेअरीत दूध ७२ अंशाला १५ सेकंद तापवलं की दुधातलं अल्कलाइन फॉस्फेटेज निकामी होतं. ते शिल्लक सापडलं तर पाश्चरीकरण नीट झालेलं नाही, असं धरतात.

आणि मोजणी. तुमच्या घरात कोणाच्या तरी रिपोर्टवर 'एसजीपीटी ३५' असं पाहिलं असेल. हे यकृतातलं एन्झाइम, यकृताला इजा झाली की रक्तात वाढतं. एकक असतं युनिट प्रति लिटर. लोकांना वाटतं हे एन्झाइमचं वजन. तसं नाही, हा वेग आहे: एक लिटर सीरममधलं एन्झाइम मिनिटाला ३५ मायक्रोमोल माल बदलतं, एवढाच त्याचा अर्थ. एसजीपीटी अ‍ॅलनिनचा अमिनो गट काढून दुसऱ्या आम्लाला देतं आणि पायरुव्हेट बनतं. हे काम करायला त्याला ब-६ जीवनसत्त्वापासून बनलेला सहकारी लागतो. नुसता तो सहकारी आणि अमिनो आम्ल घेऊन तापवलं तरी ही अभिक्रिया कूर्मगतीने होते. एन्झाइम त्याला जागेवर बसवून तीच पळवतं.

पायरुव्हेट डोळ्याला दिसत नाही, म्हणून रिएजंटमध्ये, म्हणजे तपासणीच्या द्रावणात, दुसरं एन्झाइम आणि त्याला लागणारा एनएडीएच नावाचा सहकारी रेणू घातलेला असतो. जितकं पायरुव्हेट बनेल तितकं एनएडीएच संपतं. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, त्यामुळे रीडिंग दर मिनिटाला उतरत जातं. एसजीपीटी ४० असेल तर नेहमीच्या मिश्रणात ही उतरण मिनिटाला ०.०२ च्या आसपास असते. क्युव्हेट, म्हणजे मोजणीचं छोटं पारदर्शक पात्र, ३७ अंशालाच हवं, कारण एखाद्या अंशाच्या फरकानेही आकडा हलतो.

रिएजंटमध्ये अ‍ॅलनिन आणि दुसरं आम्ल भरपूर ठेवलेलं असतं. लेओनोर मिकेलिस आणि मॉड मेन्टन यांनी १९१३ मध्ये दाखवलं होतं की माल मुबलक असला की सगळ्या खाचा भरलेल्या राहतात आणि वेग फक्त एन्झाइम किती आहे त्यावर ठरतो. तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे. म्हणूनच तीव्र काविळीच्या रुग्णाचं सॅम्पल कधी कधी फसवतं. एन्झाइम इतकं जास्त असतं की मशीनने मोजायला सुरुवात करण्याआधीच एनएडीएच संपून जातं, रेघ सपाट दिसते आणि आकडा नॉर्मलच्या जवळ येतो. पिवळंधमक सीरम आणि एसजीपीटी ३० असं जोडीने दिसलं की रिपोर्ट तसाच सोडायचा नाही. सुरुवातीचं रीडिंगच फार खाली आहे का ते पाहायचं, सॅम्पल सलाइनने दहापट पातळ करून पुन्हा लावायचं आणि येणाऱ्या आकड्याला दहाने गुणायचं.